दोष रेग्युलेटरचा

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार. मालेगाव (जि. अकोला).
आजपासून रोज लिहायचं. कॉन्व्हेंटमध्ये सवय होती. मधली पस्तीस वर्षं संसारात आणि शाळेत शिकवण्यात गेली. एवढा खंड चालतो.

कारण : सिस्टर ब्रिजेटचं पत्र. फेब्रुवारीत त्या कायमच्या आयर्लंडला परत जाणार. त्याआधी २० जानेवारीला कामठीला निरोपसमारंभ, आणि त्यात जुन्या मुली विरुद्ध आताच्या मुली असा एअर रायफलचा सामना. जुन्यांतून चौघी घेणार. घरून कार्ड पाठवायचं. दहा मीटरवरून पाच छर्रे, पाचही काळ्या वर्तुळात, खाली प्रतिष्ठित माणसाची सही. ३१ डिसेंबरच्या आत पोचलं पाहिजे. छापील मजकुराखाली सिस्टरनी स्वतः लिहिलंय, विमल, जाण्यापूर्वी तुला एकदा नेम धरताना बघायचंय.

यांना वाचून दाखवताना आवाज जरा बसला. थंडीमुळे.

सामन्याची काळजी नाही. हाताला विसर पडत नाही. शिवाय माणिकदादाची रायफल आहे. दादा जबलपूरला बंदुकीच्या कारखान्यात फोरमन होता. निवृत्त झाल्यावर घरीच ही बनवली आणि मला दिली. नळीखाली हवेची टाकी, हातपंपानं भरायची. टाकी आणि नळीच्या मध्ये लिंबाएवढा पितळी रेग्युलेटर. टाकीत हवा जास्त असो की कमी, रेग्युलेटर दर वेळी तेवढीच हवा पुढे सोडतो, म्हणून प्रत्येक छर्रा सारख्या वेगानं सुटतो. अख्ख्या अकोला जिल्ह्यात अशी दुसरी नसेल. इतकी वर्षं कपाटावर होती, पण कापडात गुंडाळलेली.

उद्यापासून पहाटे उठणे. चहात साखर नाही. नेम धरण्याआधी नणंदबाई बेबीताईंशी बोलणं नाही.

१४ नोव्हेंबर, सकाळी
(काल पाहुणे होते.) परसात कडब्याची पेंढी उभी करून तिच्यावर कार्ड टाचलं. यांनी पावलांनी दहा मीटर मोजून दिले. पाच छर्रे. एक वर, दोन खाली, एक बरा, एक सापडला नाही. हात स्थिर. श्वास स्थिर. म्हणजे दोष माझा नाही. हे पहिल्याच दिवशी सिद्ध झालं, वेळ वाचला.

हे ओट्यावर बसून बघत होते. जन्मभर पोस्टमास्तरकी केली, दुसऱ्यांच्या कार्डांवर शिक्के मारले, त्यामुळे प्रत्येक कार्डावर मत असतं. म्हणाले, ‘पाचवा वाशीमले गेला असंन. तिकीट लावलं होतं ना?’ नेमबाजानं सकाळी वाद घालायचा नसतो.

चहात साखर घेतली. थंडी फार.

१६ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. जोरात सुटलेला छर्रा वर लागतो, हळू सुटलेला खाली. म्हणजे वेग सारखा नाही. काही डावी-उजवीकडेही गेले, पण तो वारा.

वेग मोजायचा कसा? उपाय मला अंघोळ करताना सुचला. धुण्याच्या साबणाच्या वड्या ओळीनं मांडल्या, प्रत्येकीत एक छर्रा मारला आणि भोकात विणायची सुई घालून खोली बघितली. पहिल्या वडीत सुई निम्मी गेली. दुसरीत नखाएवढी. तिसरीत मध्यम. चौथीत पुन्हा नखाएवढी. शेवटचा छर्रा साबणाला चिकटून नुसता बाहेरच बसला होता, माशीसारखा.

पुरावा! दोष रेग्युलेटरचा. इतकं हलकं वाटलं की ओट्यावर जाऊन यांना सुई दाखवली. म्हणाले, ‘दोष घावला हे बेस झालं. आता धुनं कायनं धुवा, सुईनं?’

साबण रेशनच्या दुकानात नाही. पंधरा दिवस येणार नाही म्हणे.

१९ नोव्हेंबर
उपाय : तेल. सिस्टर हॉकीच्या काठ्यांना लिनसीड ऑइल लावत. लिनसीड म्हणजे आपली जवस. बेबीताईंकडून वाटीभर जवसाचं तेल आणलं. (बेबीताई यांची धाकटी बहीण, शेजारीच राहतात, मध्ये एक भिंत.) रेग्युलेटरच्या भोकात चार थेंब टाकले. मग आणखी चार, कारण वास फार सुंदर आला. तो वास आला की मी निळ्या ट्युनिकमध्ये असते. मैदानाच्या कडेला कडुनिंबाची रांग, आणि बाबा पलटणीतून सुटून फाटकाशी सायकल धरून उभे. सुभेदाराची मुलगी म्हणून मला सगळ्यात पुढे बसवत. नेम धरायलाही पुढेच असणार. आता नीट आठवत नाही, पण पुढेच.

हे म्हणाले, ‘अवो, जवसाचं तेल हवेनं सुकते, त्याचा गोंद होते. माहा आजा बैलगाडीच्या लाकडाले चोपडे ते. मशिनीच्या पोटात कोनी टाकते काय?’

सिस्टर आयर्लंडच्या. यांचे आजोबा शिरपूरचे. आणखी काय लिहू.

२१ नोव्हेंबर
दोन छर्रे काळ्यात! बाकीचे जवळपास. तेलाचा गुण. सिस्टरना पत्र लिहिलं की मी येतेय. सराव उत्तम चालला आहे, असंही लिहिलं. ‘उत्तम’खाली रेघ मारली नाही. नम्रता.

२४ नोव्हेंबर
पहिला छर्रा इतका जोरात सुटला की कडब्याची पेंढी आडवी झाली. दुसरा कार्डापर्यंत पोचला, पण आत शिरला नाही.

तेल कमी पडलं असणार. घातलं.

२७ नोव्हेंबर
तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचं ठरवलं. मदनसिंग फवारणीचे पंप दुरुस्त करतो. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, पण दुकान इथे स्टँडजवळ, पाटीवर ‘सब प्रकार के पंप’. आत्मविश्वास दांडगा. त्यानं रायफल उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, ‘बाई, हे पंपच आहे. कापसावर औषध मारा का कार्डावर छर्रा मारा, एकच गोष्ट.’ मग छर्रे तळहातावर घेऊन सांगितलं की गडबड छर्र्यांतच आहे, एक जड एक हलका. दोघं सराफाकडे गेलो. सराफानं काट्यावर मोजले. सगळे सारखे.

मदनसिंग जराही खचला नाही. ‘मंग हवा खराब आहे. हवा भरता कुठी?’ म्हटलं, गोठ्याजवळ. त्यानं कपाळावर हात मारला. ‘म्हशीपाशी! बाई, ते हवा आत जाऊन राह्यली ना. मंग जोर कुठून येईन?’

यात तथ्य वाटतं. उद्यापासून हवा पहाटे समोरच्या अंगणात भरायची.

१ डिसेंबर
अंगणातली हवा चार दिवस वापरली. फरक आहे, पण कोणत्या बाजूनं ते सांगता येत नाही.

माणिकदादाला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. ‘तेलाचा थेंबही घालू नकोस. रेग्युलेटर कोरडाच चालतो. घातलं असशील तर उघडून रॉकेलनं धू.’

दादाला अर्थात बाजारचं मशीन ऑइल म्हणायचं आहे. जवसाचं त्याला कुठून सुचणार, तो हॉकी कधी खेळला नाही. रॉकेलसाठी सध्या अर्धा दिवस रांगेत उभं राहावं लागतं; ते स्टोव्हला की रायफलीला? खबरदारी म्हणून जवसाचं दोन चमचे घातलं, म्हणजे आधी कुणी मशीन ऑइल घातलं असेल तर ते बाहेर ढकललं जाईल.

६ डिसेंबर
आज रायफलीला हात लावला नाही. सकाळी विहारात वंदना झाली. गल्लीतल्या सगळ्या बाया पांढऱ्या लुगड्यांत आल्या होत्या. हे दिवसभर तिथेच बसून होते. मीही.

संध्याकाळी फक्त कान लावून ऐकलं, टाकीतून हवा निसटते का. हात लावला नाही.

९ डिसेंबर
मदनसिंगनं रेग्युलेटर उघडला. आत पिवळा, चिकट, जाड थर. बाभळीच्या डिंकासारखा. मदनसिंगनं बोटानं दाबून पाहिला आणि डोळे मोठे केले. ‘बाई, हा जबलपूरचा मसाला आहे! इथं भेटत नाही असला माल. याच्यानंच तं दाब धरून राह्यते.’

मलाही तसंच वाटत होतं. दादानं किती काळजीनं भरला असेल. तो थर चाकूनं अलगद खरवडून वाटीत काढला, पितळ पुसलं, मग जवसाच्या तेलात मळून मऊ केला आणि पुन्हा होता तसा आत भरला. थोडा सांडला तोही गोळा केला.

हे आले. वाटीत बोट घातलं, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेले. लग्नानंतर प्रथमच काही न बोलता. म्हणजे पटलं.

१३ डिसेंबर
अठरा दिवस उरले. आज पाचातला एकही काळ्यात नाही. जेवण गेलं नाही. पोस्टातून कामठीला जायला तीन-चार दिवस धरले पाहिजेत. हे म्हणाले, ‘पेन्सिलीनं भोकं पाडा अन धाडा. छर्र्याचं भोक कोनतं अन पेन्सिलीचं कोनतं, कोन ओयखते?’

राग आला. पण पेन्सिली सगळ्या मोजून डब्यात ठेवल्या आणि डबा यांच्याकडे दिला. मोह नको.

१५ डिसेंबर
लिहिलं पाहिजे.

सकाळी पहिला छर्रा. रात्रभर टाकी भरलेली होती, आणि तो असा सुटला की खांद्याला दणका बसला. कार्डाला लागलाच नाही. गोठ्याच्या पत्र्याला लागून टण्णकन उडाला आणि भिंतीपलीकडे गेला. पलीकडे दोरीवर बेबीताईंचं लुगडं वाळत होतं. लुगड्याच्या मागे त्या केस विंचरत उभ्या होत्या.

आवाज आला नाही. तो आवाज न येणं मी विसरणार नाही. धावत गेले, चप्पल नाही, गुडघ्यांचं भान नाही. बेबीताईंनी लुगडं उजेडाकडे धरलं होतं आणि भोकातून माझ्याकडे बघत होत्या. ‘वैनी, मले तुमचा एकच डोया दिसून राह्यला. दुसरा कुठी ठेवला?’ असं म्हणाल्या, आणि एकदम खाली बसल्या. ओठ पांढरे. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला.

मग म्हणाल्या, ‘मी मेली असती तं सिस्टरले काय लेहलं असतं वो?’

रायफल कपाटावर ठेवली. संपलं. सिस्टरना कळवायचं.

१६ डिसेंबर
कळवलं नाही. पाकीट नव्हतं.

दुपारी बेबीताई लुगडं घेऊन आल्या, माझ्या मांडीवर टाकलं. ‘हे ठेवा तुमालेच. भोकाचं लुगडं मी नेसत नाई. अन आता कार्ड धाडल्याशिवाय थांबसान तं पाहा! माह्या जिवावर उठल्या, निदान निवडून तं या.’

केवढं मोठं मन. रायफल खाली काढली. कार्ड आता गोठ्याकडे नाही, शेताच्या बाजूला.

२० डिसेंबर
पाचातला एक काळ्यात. अकरा दिवस.

२२ डिसेंबर
एकही नाही. नऊ दिवस. सिस्टर म्हणत, ‘विमल, घाई करू नकोस.’ पण सिस्टरना फेब्रुवारीत जायचं आहे. पाच छर्रे. एवढंच मागितलंय त्यांनी इतक्या वर्षांत.

२४ डिसेंबर
मूळ चूक सापडली! अंतर. पहिल्या दिवशी यांनी पावलांनी मोजलं होतं, आणि यांची पावलं ढांगा टाकल्यासारखी. आम्ही दीड महिना दहा मीटरपेक्षा कितीतरी लांबून नेम धरतोय. अशानं कोणाचाही रेग्युलेटर थकेल.

घरात मीटरची टेप नाही. पण बेबीताईंचं लुगडं आहे. लुगडं नऊ वार. दहा मीटर म्हणजे जवळजवळ अकरा वार. म्हणजे लुगडं अधिक चार हात. हात बेबीताईंचे घेतले, कारण लुगडं त्यांचं. जमिनीवर पसरून खुणा केल्या.

बेबीताई हसायला लागल्या, का ते सांगेनात. हे म्हणाले, ‘ते घेतलं तवाच आठ वारी होतं. धुवून धुवून आखडलं. अन पदराकडून फाडून नातवाच्या लंगोट्या केल्या त्याच्या.’

मी सांगितलं, नऊवारीला नऊवारी म्हणतात ते उगाच नाही.

नवं अंतर बघून जरा चकित झाले. कार्डावरचे आकडे वाचता येतात. दहा मीटर इतके जवळ असतात हे माणूस विसरतो.

२५ डिसेंबर, सकाळी. नाताळ.
पाचही काळ्यात!!

दोन कडेला आहेत, पण काळ्याला शिवलं म्हणजे काळ्यात. हातात कार्ड घेऊन कॉन्व्हेंटमधली नाताळची गाणी म्हटली, अंगणातच. रस्त्यावरून मदनसिंग चालला होता, त्यालाही बोलावलं. त्यानं कार्ड पाहिलं आणि म्हणाला, ‘मसाल्याची करामत आहे, बाई.’

सहीसाठी हेच प्रतिष्ठित. पण वकिलासारखे अडून बसले. ‘दहा मीटरवरून’ लिहायला तयार होईनात. ‘म्या भोकं पायली. मीटर नाई पायले.’ अखेर स्वतःच्या शब्दांत लिहिलं : ‘सदर कार्डास पाच भोके आहेत, हे मी समक्ष मोजून पाहिले. उकंडराव, निवृत्त पोस्टमास्तर.’ यापेक्षा जास्त काय हवं.

उद्या पोस्ट उघडलं की स्वतः जाऊन रजिस्टर करणार.

३ जानेवारी १९७४
निवड झाली! पत्र आलं. जुन्या मुलींकडून चारच कार्डं आली होती, चारही घेतली, असं लिहिलं आहे. बाकीच्यांची हिंमत झाली नसणार. आम्ही चौघी वेगळ्याच धातूच्या.

बेबीताईंनी पुरणपोळी केली. मी दोन खाल्ल्या. तिसरी कुणी मोजली नाही.

९ जानेवारी
संकट. हवा भरली, नेम धरला, घोडा दाबला. फुस्स. छर्रा नळीतून घरंगळत बाहेर आला आणि माझ्या पायापाशी पडला. बेबीताई भिंतीवरून म्हणाल्या, ‘असा बरा आहे वैनी. असाच मारत जा.’

मदनसिंगनं फवारणी पंपाचा चामडी वायसर कापून बसवला. आता सुटतो, पण पुन्हा तेच, एक छर्रा चित्त्यासारखा, दुसरा म्हशीसारखा. अकरा दिवस. सिस्टर मागे बसून बघणार. झोप नाही.

१२ जानेवारी
डोळे उघडल्या उघडल्या लख्ख सुचलं. रायफल बदलत नसेल तर मी बदलेन.

रेग्युलेटर चुकतो, पण शिस्तीनं चुकतो. पहिला छर्रा नेहमी वर. दुसरा बराच खाली. तिसरा सरळ. चौथा किंचित खाली. पाचवा फारच खाली, कारण तोवर टाकी दमते. म्हणजे नेमच तसा धरायचा : पहिला दोन बोटं खाली, दुसरा तीन बोटं वर, तिसरा मध्ये, चौथा एक बोट वर, पाचवा थेट कार्डाच्या वरच्या किनारीवर. तक्ता पाठ करायचा. खाली दोन, वर तीन, मध्ये, वर एक, किनार.

दळताना, निवडताना, चालताना हेच. यांनी विचारलं, भाजीत मीठ घातलं का. मी म्हटलं, किनार.

१४ जानेवारी
तक्त्यानं तीन काळ्यात. आता विचार करावा लागत नाही. बोटं आपोआप जातात. सिस्टर म्हणत तसं, डिसिप्लिन.

१८ जानेवारी. अकोला स्टेशन.
रायफल सतरंजीत गुंडाळली आहे. एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, लांबट काय आहे. म्हटलं, एअर रायफल. तो पुढच्या माणसाकडे वळला आणि त्यानंतर माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

हे स्टँडवर सोडायला आले होते. खिडकीशी उभे होते. गाडी सुटताना म्हणाले, ‘सिस्टर भेटली का झालं. बाकी लागलं तं लागलं.’

गाडी पुढे गेल्यावर जरा पाणी आलं डोळ्यांत. धूळ.

खाली दोन, वर तीन, मध्ये, वर एक, किनार.

२० जानेवारी, संध्याकाळ. कामठी.
सगळं व्यवस्थित लिहायचं. मनात ठेवलं तर उगाच गोंधळ होतो.

सिस्टर ब्रिजेट इतक्या लहान झाल्या आहेत. काठी घेऊन आल्या. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी गालाला हात लावला, ‘विमल, केस पांढरे झाले की गं.’

पहिला धक्का : सगळ्यांनी कॉन्व्हेंटच्याच रायफली वापरायच्या. नव्या, एकसारख्या. पंच म्हणून आलेले कॅप्टन म्हणाले, एकीची चांगली, एकीची वाईट असं नको. माझी सतरंजीतच राहिली, छत्र्यांच्या स्टँडजवळ. दुसरा धक्का : रेंज. दहा मीटर म्हणे. आमच्या परसात दहा मीटर इतके नसतात. मोजताना कुणाची तरी चूक झाली असणार. समारंभाचा दिवस, म्हणून बोलले नाही.

सिस्टर मागे खुर्चीवर. माझ्या शेजारी आताच्या मुलींतली एक, दोन वेण्या, शाळेची चॅम्पियन. हात गार पडले होते. पण रायफल खांद्याला लावली आणि सगळं शांत झालं. काय सुंदर यंत्र! दर वेळी तोच आवाज, तोच हलका धक्का. बोटं आपली आपण चालली. पाच छर्रे. एकदाही अडखळले नाही. इतकं छान मला वर्षानुवर्षं वाटलं नव्हतं.

कार्डं आणली. माझं कोरं.

कोरं म्हणजे अगदी कोरं, आतासुद्धा त्यावर हिशेब लिहिता येईल असं. आणि शेजारच्या मुलीच्या कार्डावर दहा भोकं. कार्डं फार जवळजवळ लावली होती, हे मी तिथेच सांगितलं. दहापैकी पाच भोकं एका गठ्ठ्यात, मध्यभागी, एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. बाकीची पाच विखुरलेली. एक दोन बोटं खाली, एक बरंच वर, एक मध्ये, गठ्ठ्याच्या कडेला, एक किंचित वर, आणि एक तर पार वरच्या किनारीवर, जिथे कार्डाचा नंबर छापलेला असतो. ज्या कुणाची असतील, तिला शिस्त म्हणून नाही.

कॅप्टननी गठ्ठा त्या मुलीच्या नावावर लावला. मी सौम्यपणे म्हटलं, गठ्ठा माझा आहे. मला आतून कळतं. ते म्हणाले, ‘अर्थात, मॅडम,’ आणि माझ्यासाठी चहा मागवला. नियमानं माझे शून्य. जुन्या मुली हरल्या. बाकीच्या तिघी माझ्याशी गोड बोलल्या, फार गोड.

मुलीला कप दिला. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या छर्र्यांना मिळाला, असं मनात म्हटलं.

२१ जानेवारी, सकाळ. नागपूर स्टेशन, वेटिंग रूम.
निघताना सिस्टरच्या खोलीत गेले होते. ट्रंक भरून झाली होती. वर, सगळ्यांत शेवटी, ते कार्ड ठेवलेलं. दहा भोकांचं. कॅप्टनकडून मागून घेतलं म्हणे, आठवण म्हणून आयर्लंडला नेणार.

मला बसवलं, कार्ड हातात घेतलं आणि त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलंच नाही. थरथरतं बोट एकेका विखुरलेल्या भोकावर ठेवत गेल्या. खालच्या, वरच्या, किनारीवरच्या. ‘ही पाच माझ्या विमलची,’ म्हणाल्या. ‘अठ्ठावीस मुली होत्या तुमच्या वर्गात. तुझी कुठेही ओळखीन. पस्तीस वर्षांत एका बोटाचाही फरक नाही.’ आणि कार्ड छातीशी धरलं.

सिस्टरची नजर फार अधू झाली आहे. मी मान डोलावली. इतक्या लांब जाणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं.